हवालदार इब्राहिमचा शेवटचा सीन

आपा,

दहा दिवसांपूर्वी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. दुबईत ऊद मेथातला हॉल, एसी असा की पहिल्या रांगेतल्या बायका शाली मागत होत्या, आणि स्टेजवर तुझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. तोच, ज्यात तू डोळे वटारल्यासारखी दिसतेस आणि जो बघून तू म्हणायचीस, "हा फोटो दाखवला तर मला माझ्याच वर्गात घेणार नाहीत." नऊ जण बोलले. नऊही जणांनी तुला शांत म्हटलं. नफीसा मॅडम अत्यंत शांत, सोज्वळ आणि मितभाषी होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. शांत? भर दुपारी तासभर जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाला "तुम्ही मेलाय, घाम पुसू नका" असं ओरडणारी बाई शांत?

मग तीन मिनिटांचा व्हिडिओ लावला. मागे बासरी. तू शिक्षकदिनाला, तू ईदला शीरखुर्मा वाटताना, तू कुणाच्या तरी हळदीकुंकवात मागे उभी. आपल्या सिनेमातली एक फ्रेम नाही. ज्याच्यापायी तू दोन वर्षांचे शनिवार घातलेस, ते सगळं मंडळाने फळ्यावरचं कालचं गणित पुसावं तसं पुसून टाकलं. का, तर सिनेमाचं नाव ‘दारूबंदी’. दारू बंद करणाऱ्या पोलिसांची गोष्ट आहे, तरी शब्दात दारू येते म्हणून नको.

दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो, कारण ते तुझ्यासाठी होतं. चहाला थांबलो नाही. घरी येताना गाडीत एकटाच मोठमोठ्याने भांडत होतो. शेजारच्या लेनमधला टॅक्सीवाला बघायला लागला तेव्हा गप्प बसलो.

म्हणून हे लिहितोय. त्या नऊ जणांचं खोडून काढायला, आणि एक गोष्ट कबूल करायला.

सुरुवात तुझ्याच घरी झाली, आठवतं? रमजान होता, तू आम्हाला इफ्तारला बोलावलं होतंस. टीव्हीवर एक जुना अमेरिकन सिनेमा लागला होता. हॅट घातलेले पोलीस, बॅरल भरलेले ट्रक, दारू विकणाऱ्या टोळ्या, बंदुकांचा नुसता पाऊस. मी आणि देवधर तोंडात खजूर धरून बघत बसलो होतो. तू सांदणांचं ताट घेऊन आलीस आणि टीव्हीसमोरच उभी राहिलीस.

"यांच्या दारूबंदीवर इतके सिनेमे. आपल्या मुंबईत नव्हती काय दारूबंदी?"

"आपा, बाजूला हो ना, धाड पडतेय," मी म्हणालो.

"माझ्या आजोबांनी घातल्यात धाडी. दारूबंदीचे हवालदार होते ते. बंदूकबिंदूक काही नाही. काठी, शिट्टी आणि नाक."

आणि मग तू सांगत सुटलीस. हातभट्टीवाले सायकलच्या ट्यूबमध्ये दारू भरून कमरेला गुंडाळायचे, वरून सदरा घालायचे. आजोबांकडे गोणपाट शिवायची दाभण असायची. संशय आला की हळूच टोचायची. खरा माणूस ओरडायचा, दारूवाला गळायला लागायचा. आम्ही पोट धरून हसलो. टीव्हीवरचा पोलीस कधी मेला ते कुणाला कळलंही नाही. निघताना मी सहज म्हणालो, "आपा, यावर सिनेमा काढायला पाहिजे." आपण सगळेच असं म्हणतो. घर बांधायला पाहिजे, गावी परत जायला पाहिजे, सिनेमा काढायला पाहिजे. तू मात्र पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता दोनशे पानी वही घेऊन आमच्या दारात हजर. अनघाने दार उघडलं, मी अजून अंथरुणात होतो.

"उठवा इन्स्पेक्टरसाहेबांना," तू तिला म्हणालीस.

मला इन्स्पेक्टर कदम का केलंस, हे मी तुला विचारलं होतं. मला वाटलं, माझ्या मिशा बघून केलं असशील. तू वहीतून मान वरही न करता म्हणालीस, "मिलिंद, तू कुणालाच नाही म्हणत नाहीस. बॉसला नाही, बायकोला नाही, क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरीला नाही. तुला प्रॅक्टिस हवी." सिनेमात इन्स्पेक्टर कदम सात वेळा ‘नाही’ म्हणतो. लाच घेऊन आलेल्या माणसाला, मंत्र्याच्या पीएला, स्वतःच्या मेव्हण्याला. सातही वेळा तू माझ्याकडून पंधरा-पंधरा टेक करून घेतलेस. "‘नाही’ म्हणतोयस की ‘नाही का?’ विचारतोयस?" असं म्हणायचीस. माझं पोट, माझी मिशी, सगळं चाललं तुला. माझं ‘नाही’ चालायचं नाही.

इक्बालभाईंना हवालदार इब्राहिम केलंस, म्हणजे नवऱ्यालाच आजोबा केलंस. ते बिचारे शिपिंग कंपनीतून रिटायर व्हायला आलेले, आयुष्यात कधी स्टेजवर चढलेले नाहीत. आणि टोळीचा म्होरक्या वस्ताद म्हणून आपला देवधर. त्याचं मात्र कौतुक करायला हवं. दिवसभर इन्शुरन्स विकणारा माणूस, पण गळ्यात रुमाल बांधून खुर्चीत बसला की खरंच भीती वाटायची. युनिफॉर्मचं खाकी कापड त्यानेच आणून दिलं होतं. "एकशेवीस दिरहॅम, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये झाले, नफीसा मॅडम! मुंबईत एवढ्यात अख्खी पोलीस चौकी शिवून झाली असती." तू म्हणालीस, "मग मुंबईला जाऊन शिवून या."

हातभट्टीचा सीन तुझ्या अल मजाजच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात केला. हे मी शोकसभेत सांगणार होतो, मला बोलू दिलं असतं तर. खरी भट्टी कुणी पाहिली होती? दोन प्रेशर कुकर, एक तांब्याचा हंडा, प्लंबरकडून आणलेल्या रबरी नळ्या, गुलाबपाण्याच्या बाटल्या आणि त्यांत भरलेली सुलेमानी. दारूचा थेंब नाही, कोरा चहा. धूर हवा म्हणून तू लोबान जाळलास, तोही मूठभर. पाचव्या मिनिटाला बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. नातूर धावत वर आला, तो केरळचा कुट्टी, आपला वॉचमन. दार उघडं. आत धूर, कुकर, नळ्या, बाटल्या, रुमालवाला गुंड आणि खाकीतले चार पोलीस. तेही शारजात, जिथे दारूवर सरळ बंदी!

कुट्टीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "मॅडम, ये क्या है? मेरा नौकरी जाएगा."

मी तर टेबलाखाली जायच्या बेतात होतो. देवधर बाथरूममध्ये गेलासुद्धा. आणि तू काय केलंस? एक बाटली उचललीस, कपात ओतलीस, त्याच्या हातात दिलीस. "पियो. चीनी कम है क्या बोलो." तो प्यायला. मग म्हणाला, "थोडा कम है." पंधरा मिनिटांनी अलार्म बंद करून तो परत आला आणि आपल्या पंचनाम्यातला पंच झाला. सिनेमात अंगठा उठवणारा तो साक्षीदार कुट्टीच आहे. शेजाऱ्यांना तू दारोदार जाऊन सॉरी म्हणालीस आणि प्रत्येकाला सुलेमानी पाजून आलीस.

आता जीपचं सांगतो. तो आपला सगळ्यात मोठा घोटाळा. वस्तादचा पाठलाग. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका पंजाबी माणसाचं गॅरेज होतं, त्याच्या यार्डात एक मोडकी जुनी जीप होती. त्याने यार्ड दिलं, जीप दिली, आतल्या रस्त्यावर काय हवं ते करा म्हणाला. आपण दोन शनिवार तिथे भाजून निघालो. मी जीप चालवतोय, शेजारी इक्बालभाई शिट्टी फुंकतायत, पुढे देवधर दुसऱ्या गाडीत. मागे तू रंगवलेली पाटी: ‘दारूबंदी खाते, मुंबई’. काय सीन झाला होता! एडिट करून आपण तो आठ-दहा जणांना दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर स्वतःवर खूश होतो.

मग माझ्या सासूबाई व्हिजिटवर आल्या, साताऱ्याहून. त्यांना कौतुकाने लॅपटॉपवर लावून दाखवला. त्या शांतपणे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे हो. पण जावईबापू, तुम्ही गाडी उलट्या बाजूने का चालवताय?"

मुंबईची जीप, स्टिअरिंग डावीकडे, आणि धावतेय रस्त्याच्या उजव्या बाजूने, इथल्यासारखी! वीस-वीस वर्षं इथे गाड्या चालवून आपल्यातल्या एकालाही, एकालाही आपा, ते दिसलं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्या दहा जणांनाही नाही. मी रात्रीचं जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी युक्ती काढली: चित्र आरशासारखं उलटं करायचं. केलं. स्टिअरिंग उजवीकडे गेलं, जीप डावीकडे आली. आणि ‘दारूबंदी खाते’ ही पाटी अशी उलटी झाली की कुठल्या देशाची लिपी आहे तेच कळेना. देवधरच्या गालावरचा व्रणसुद्धा दुसऱ्या गालावर गेला.

मी म्हणालो, पुन्हा शूट करू, उजव्या स्टिअरिंगची गाडी मिळवू. तू म्हणालीस, "राहू दे."

"लोक हसतील, आपा."

"कोण हसणार? बघणारे आपलेच. त्यांना दिसतच नाही."

"पण चूक आहे!"

"आहे ना. आपण इथे बसून मुंबई आठवतोय. चुकणारच. ही चूक झाकलीस तर उरलेलंही कुणाला खरं वाटणार नाही."

त्यावर आपण पाच आठवडे भांडलो. मी अजूनही म्हणतो, तो सीन चुकलाय. पण मी तो बदललेला नाही. बदलणारही नाही.

खरं भांडण मात्र शेवटावरून होतं. मला गोळीबार हवा होता. धक्क्यावर वस्ताद, मी, समोरासमोर, आणि वस्ताद गोळी खाऊन पाण्यात. "क्राइम फिल्म आहे आपा, कीर्तन नाही," हे मी निदान पन्नासदा म्हणालो असेन. तू ऐकून घ्यायचीस आणि वहीतलं शेवटचं पान उघडून ठेवायचीस. त्या पानावर हवालदार इब्राहिम होता. त्याने आणि त्याच्या साहेबाने मिळून दारूने भरलेला मचवा पकडला. मचवा निघाला त्याच्याच गावच्या माणसाचा. खलाशी त्याच्याच मोहल्ल्यातले, दहा घरांची चूल त्या मचव्यावर पेटायची. आपलेच दात, आपलेच ओठ. साहेब म्हणाला, बघ बाबा, तुझा गाव आहे, तू सांगशील तसं लिहू. आणि हवालदार इब्राहिमने खरा पंचनामा लिहिला.

"मग? त्याला कुणी मारलं?" मी विचारलं होतं.

"कुणीच नाही. सुट्टीला गावी गेले. बोटीतून उतरले, घरापर्यंत चालत गेले. वाटेत भेटेल त्याला सलाम घातला. एकानेही जबाब दिला नाही. तुला कळत नाही मिलिंद, सलामाचा जबाब द्यावाच लागतो. दुश्मनालाही. माझे आजोबा त्यानंतर तेवीस वर्षं जगले. मशिदीत जात होते, बाजारात जात होते. सलाम घालायचं त्यांनी सोडलं नाही."

मला वाटलं, हा काय शेवट झाला? म्हातारा चालतो आणि लोक बघत नाहीत. लोकांनी तिकीट नसलं तरी वेळ काढलाय ना. मी तुला तोंडावर बोललो, "आपा, हे कंटाळवाणं होईल." तू वही मिटलीस. तो एकच सीन शूट करायचा राहिला.

आता कबुलीचं.

देवधर या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी झाला. गुंड म्हणून दोन वर्षं वाघ होता, सेक्रेटरी झाल्यावर त्याची पाचावर धारण बसली. वार्षिक कार्यक्रमात आपला सिनेमा दाखवायचं ठरलं होतं ना, तर त्याने मला ऑफिसात फोन केला.

"मिल्या, तू समजाव तिला. नाव बदला, ‘कर्तव्य’ ठेवा. दारूचा उल्लेख जमेल तितका कमी करा. आणि तो शेवट नको यार, पब्लिकला घरी जाताना फ्रेश वाटलं पाहिजे. शिवाय लेडी, टीचर, त्यात मुस्लिम. उद्या त्यांचे लोक बोलतील, आपले लोक बोलतील. आपल्याला कशाला कॉन्ट्रोव्हर्सी?"

अरे, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं? गळ्यात रुमाल बांधून दारू विकत होतास तू, तेव्हा लोक नव्हते का? हे मी त्याला म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. बघतो, बोलतो. होईल, इन्शाल्ला." सात ‘नाही’ शिकवलेस मला, आणि आठव्यांदा खरी वेळ आली तेव्हा मी शेपूट घातली. का घातली याचं कारणही मोठं नाही. समोरचा नाराज होऊ नये, एवढंच. माझं आयुष्य त्यातच गेलं.

देवधरने तुला त्याच संध्याकाळी कळवलं, मिलिंदही तयार आहे. मला तुझा मेसेज आला: "इन्स्पेक्टरसाहेब, किती घेतले?"

मी तो वाचला. तुला दिसलं मी वाचला ते. उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘आपा तसं नाही’, पुसलं. म्हटलं शनिवारी समोरासमोर सांगू, ओरडेल, चहा देईल, मिटेल. शनिवार आलाच नाही. मंगळवारी सकाळी स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता तू टेबलावर डोकं टेकवलंस, ते पुन्हा उचललं नाहीस.

ऐक मग, आता देतो उत्तर. काहीच घेतलं नाही आपा. फुकटात विकला गेलो. ते जास्त वाईट.

तुझ्या मय्यतीला मी गेलो होतो. मला तिथले रिवाज माहीत नव्हते, मागे उभा होतो. इक्बालभाईंनी वळून पाहिलं आणि हाताने बोलावलं, "मिलिंद, ये, खांदा दे." मी दिला. तू इतकी हलकी होतीस याचाच मला राग आला. आयुष्यभर आम्हाला ढकलत होतीस, ते कुठल्या ताकदीने?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो. इक्बालभाई एकटेच होते. तुझी वही जेवणाच्या टेबलावर, शेजारी सिनेमाची हार्ड डिस्क. देवधर त्यांनाही भेटून गेला होता. त्यांनी डिस्क माझ्याकडे सरकवली नाही, स्वतःकडे ओढलीही नाही.

"लोग बातें करेंगे, मिलिंद. बाई गेली आणि मागे दारूचा सिनेमा सोडून गेली म्हणतील. राहू दे ना. घरातल्या घरात आपण बघू."

गेल्या महिन्यातला मी असतो तर म्हणालो असतो, बरोबर आहे तुमचं. जीभ तिथपर्यंत आलीही होती, सवयच ना.

"नाही," मी म्हणालो.

इक्बालभाई माझ्याकडे बघत राहिले. मलाही आश्चर्य वाटलं होतं. मग एकदम सगळंच बाहेर आलं. त्यांना तुझ्या मेसेजबद्दल सांगितलं, देवधरला मी काय बोललो ते सांगितलं. रडलो, लपवत नाही. म्हटलं, त्यात दारूचा एक थेंब नाही, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, कुट्टीला माहीत आहे. जे आहे ते तुमच्या बायकोचे आजोबा आहेत. त्यांना गावाने एकदा गाडलं. आता आपण पुन्हा गाडायचं का?

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. बाहेर आले ते हवालदाराची टोपी घेऊन. "कधी करायचा शेवटचा सीन?"

मी घरी येऊन माझा गोळीबार फाडून टाकला. आठ पानं होती. मुलगी म्हणाली, "बाबा, आर यू शुअर? यू लव्ह्ड दॅट सीन." म्हटलं, हो, म्हणूनच फाडतोय.

गेल्या शनिवारी शारजाबाहेर धैदजवळ एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर गेलो. कोकण कुठून आणणार? खजुराची झाडं होती, म्हणून कॅमेरा खाली ठेवला, नुसते बुंधे दिसतील आणि नारळ समजून चालतील असा. आपल्या युनिटचे अकरा जण गावकरी झाले, कुट्टीसुद्धा सुट्टी काढून आला. देवधर आला नाही. मी कॅमेऱ्यामागे. इक्बालभाई खांद्यावर वळकटी आणि हातात पत्र्याची ट्रंक घेऊन चालायला लागले. पहिल्या दोघांपाशी आले, म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

आणि अकराच्या अकरा जण एका आवाजात म्हणाले, "वालेकुम सलाम!"

मी पण म्हणालो. कॅमेऱ्यामागून! जोशी, नायर, शेख, पाटील, सगळे. इतकी वर्षं इथे राहून जीभच तशी वळलीय. सगळ्यांना स्क्रिप्ट माहीत होती, गाडीत येताना दोनदा वाचली होती, तरी त्या माणसाला सलामाचा जबाब न देणं कुणाला जमलं नाही. कुणीतरी हसलं, मग एक-दोघांचे डोळे भरले. इक्बालभाईंनी ट्रंक खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "जबाब देऊ नका. ती रागावेल."

दुसऱ्या टेकला सगळे ओठ आवळून उभे राहिले. शेखने तर तळहातात नखं रुतवून घेतली होती, नंतर दाखवली त्याने. इक्बालभाई चालले. एका घोळक्याला सलाम, कुणी बघितलं नाही. दुसऱ्याला, नाही. तिसऱ्याला घालताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं आता थांबतील, बसतील खाली. ते थांबले, खरंच. वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मान वर केली. आणि शेवटच्या माणसाला त्यांनी असा खणखणीत सलाम घातला की शेतातली कबुतरं उडाली. हे तुझ्या वहीत नव्हतं. मी शब्द न् शब्द ताडून पाहिला, नाही. मग ते सरळ चालत गेले, झाडांच्या पलीकडे, आणि कॅमेरा रिकाम्या वाटेवर चालूच राहिला.

तो सीन बघून मला वस्तादच्या त्या शेवटाची लाज वाटली. गोळी खाऊन पाण्यात पडायला काय लागतं?

रविवारी देवधरचा फोन आला. मंडळ कापलेला सिनेमा दाखवायला अजून तयार आहे, तुझ्या नावाने, पुष्पहार घालून. मी ‘नाही’ म्हणालो. विचारलं नाही, म्हणालो. पुढच्या शनिवारी त्या पंजाबी माणसाच्या यार्डात भिंतीवर आपण पूर्ण सिनेमा दाखवणार आहोत. उलटी जीप, कुट्टीचा अंगठा, सुलेमानीच्या बाटल्या, तेवीस वर्षांचा सलाम, सगळं. नाव ‘दारूबंदी’. दिग्दर्शन, तुझं पूर्ण नाव. देवधर म्हणाला, मंडळाच्या ग्रुपवर टाकू नकोस, वातावरण खराब होईल. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर टाकलं. दोनशेच्या वर लोक आहेत त्यात. सगळ्यांनी वाचलं. एका माणसाचं उत्तर नाही. वाढदिवसाच्या केकला ज्या ग्रुपवर सत्तर अंगठे येतात, तिथे दोन दिवस स्मशानशांतता. अनघाला भिशीला बोलावलं नाही. माझ्याच ऑफिसातला एक जण जेवणाचा डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसला.

खोटं कशाला बोलू, त्रास झाला. रात्री दोनदा वाटलं, डिलीट करून टाकावं, सॉरी लिहावं. इक्बालभाई कसे चालले ते आठवलं आणि फोन पालथा ठेवला.

आज सकाळी लिफ्टमध्ये देवधर होता. एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही, सोळा वर्षं झाली. आम्ही दोघंच. मी म्हणालो, "नमस्कार, देवधर." त्याने मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिला. स्क्रीन काळी होती, मला दिसत होतं. एक मजला, दोन मजले, तीन. तू बरोबर होतीस. याच्यापुढे गोळीबार म्हणजे पोरखेळ.

तळमजला आला. तो आधी बाहेर पडला, घाईघाईने, वळून न बघता. मी लॉबीत येऊन उभा राहिलो, पोट आत घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, "नमस्कार, देवधर!"